तिसऱ्या रांजणासाठी मी मेलो

मी मेल्याची बातमी मला मोहोळच्या फलाटावर कळली.

सांगणारे दोघे कोष्टी होते. सोलापूरच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो होतो. मी वेळापूरहून मोटारीनं धूळ खात आलेलो, तोंडावर उपरणं गुंडाळलेलं. त्यातला एक तंबाखू मळता मळता दुसऱ्याला म्हणाला, "निळीवाले अण्णा गेले की रं."

"कोन अण्णा?"

"रांजणवाले. चंद्रकळंचं काळं सूत तेंच्याकडंच व्हतं की समदं."

"आरं द्येवा! कशानं?"

"ते न्हाय ठावं. लेकीकडं गेल्ते म्हनं वेळापूरला. तितंच काय ते झालं."

मी मनात म्हणालो, अरेरे, चांगला माणूस असणार बिचारा. एक क्षण, अगदी एकच क्षण, मला त्या अण्णांची मनापासून कीव आली. मग डोकं चालायला लागलं. सोलापुरात निळीचे रांजण आता उरलेत कुणाकडं? माझ्याकडं. वेळापूरला लेक दिलीय कुणी? मी. तो कोष्टी माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी सोलापूरचंच न्हवं? वळकत असाल की अण्णांस्नी."

"थोडंफार," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

"बावीस वर्सांत मानूस दुकान सोडून कुटं गेला न्हाय," तो म्हणाला, "आनि गेला तो असा गेला."

आपण मेलो हे ऐकल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय येतं, हे सांगायचा अधिकार फार थोड्यांना असतो. मला आहे, म्हणून सांगतो. माझ्या मनात आलं, रांजण कुणी ढवळले असतील का? बायको आठवली ती त्यानंतर. हे लिहिताना लाज वाटते, पण जे झालं ते झालं.

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिलाय तो असा, की मालक रोज गल्ल्यावर न बसता धंदा चालतो कसा ते लिहा. माझं दुकान तसं चालतं हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं असणार. त्यांना वाटत असेल, अण्णा चार युक्त्या सांगतील. युक्त्या मीही केल्या होत्या, वर्षभर केल्या. त्यांचं पुढं काय झालं, तेच सांगतो.

आधी धंदा काय ते कळायला हवं. हल्लीच्या पोरांना वाटतं रंग डब्यात येतो. येतो की! पाण्यात टाकला, सूत बुडवलं, झालं. आमची नीळ तसली नव्हे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले चार रांजण, माणूस उभा मावेल एवढे. त्यात पाणी, नीळ, चुना, पापडखार, गूळ आणि टाकळ्याचं बी उकळून केलेला काढा. हे सगळं आंबावं लागतं. आंबलं की वर जांभळट फेस येतो आणि आतलं पाणी निळं नाही, हिरवं-पिवळं दिसतं. सुताची लडी बुडवून वर काढली की तीही हिरवट असते. वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होत जाते. नवा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा आ वासून उभा राहतो. एकदा बुडवली तर आकाशासारखी, दहादा बुडवली तर रात्रीसारखी काळी. संक्रांतीला बायका ज्या काळ्या चंद्रकळा नेसतात, त्यांचं सूत म्हणजे दहा बुडव्यांचं. वास म्हणाल तर आमच्या गल्लीत पाहुणा जेवायला थांबत नसे.

आंबलेला रांजण जित्या जनावरासारखा असतो. थंडीत गारठतो, जास्त खायला घातलं तर रुसतो, चुना कमी पडला तर सडतो. त्याचं पोट ठीक आहे की नाही हे बघायचं साधन एकच, जीभ. रोज सकाळी काठीच्या टोकावरचा थेंब जिभेवर घ्यायचा. चुणचुणून मागून किंचित गोड लागला तर ठीक. नुसता भाजला तर चुना जास्त. मुळमुळीत लागला तर सावध व्हायचं. थुंकायचं, चूळ भरायची, पुढचा रांजण. माझ्या बापाची जीभ गावात नावाजलेली होती, त्याच्यामागं माझी. आणि खरं सांगू? मला त्याची मस्ती होती. बावीस वर्षांत मी एक रात्र सोलापूर सोडून राहिलो नाही. लेकीच्या लग्नातही अक्षता पडल्या आणि मी रांजणाकडं पळालो. व्याही अजून टोमणे मारतात.

ही मस्ती उतरवली लिंगप्पानं. तो पलीकडच्या गल्लीतला निळारी, माझ्याच वयाचा. सकाळी रांजण चाखला, चूळ भरली, ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला. त्याच्याही जिभेखेरीज रांजणाचं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांत त्याचे तिन्ही रांजण सडले. गिऱ्हाईक माझ्याकडं आलं आणि मी ते घेतलं. महिन्याभरानं बघतो तर लिंगप्पाची बायको, जिच्या हातचं हुरड्याचं थालीपीठ मी खाल्लेलं, ती लोकांच्या दारात बसून मजुरीनं सुताच्या कांड्या भरत होती. मला बघून तिनं पदर पुढं ओढला. मी घरी आलो आणि माझ्या बायकोकडं बघितलं. काशी जात्यावर बसली होती. आम्हाला मुलगा नाही. दोन लेकी, त्यातली एकच राहिली, ती वेळापूरला मास्तराच्या घरात. भाऊबंद आहेत ते खेड्यात, आणि त्यांच्या दारात काशीनं जाऊन उभं राहावं असले ते नव्हेत. मी उद्या ओट्यावर बसल्या बसल्या गेलो तर हिनं काय करायचं? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून ठरवलं. दुकान असं करायचं की मी नसलो तरी रांजण जगले पाहिजेत.

आमचा मुकादम भीमाण्णा. अक्कलकोटकडचा, घरी कानडी, दुकानात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. अंगानं रेड्यासारखा, मनानं गाय. बारा वर्षं माझ्याकडं होता पण रांजण कधी चाखला नव्हता, कारण मी चाखू दिला नव्हता. त्याला शिकवायला घेतलं. रोज सकाळी आधी मी चाखायचो, मग तो. "काय लागलं?" "झकास हाय मालक." सगळे रांजण झकास! चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, गडी थेंब जिभेवर घेतो पण बघतो माझ्या तोंडाकडं. मी तोंड वाकडं केलं की हा म्हणणार, "चुना जास्त." मग मी त्याला आधी चाखायला लावलं. तर म्हणाला, "मालक, तुमी आधी. माझ्या जिभेला लाज वाटतीया." शेवटी त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मी मुद्दाम एका रांजणात गूळ जास्त टाकून विचारलं. त्या दिवशी त्याला घाम फुटला, पण उत्तर बरोबर आलं. तेव्हा मी त्याला पेढा दिला आणि तो पंढरीचा बुक्का लागल्यासारखा दिवसभर हसत फिरला.

भिंतीला एक ते दहा बुडव्यांच्या दहा लड्या ओळीनं टांगल्या, म्हणजे रंग नजरेनं ताडता यावा. आठही गड्यांकडून नियम पाठ करून घेतले. सकाळी चाखायचं, चार तासांनी ढवळायचं, थंडी पडली की भोवती भुसा आणि वर गोणपाट. मग सगळ्यात अवघड काम. मी दुकानात बसायचं आणि तोंड मिटून बसायचं. कुणी विचारलं, "अण्णा, हे काढू का?" की मी आढ्याकडं बघायचो. पहिल्या आठवड्यात माझ्या मानेला उसण भरली.

माणसं तयार झाली, गिऱ्हाईक होईना. राजय्या म्हणून आमचा जुना विणकर, तेलुगू बोलणारा, चाळीस मागांचं सूत त्याच्या शब्दावर यायचं. तो लड्या खांद्यावर घेऊन यायचा आणि भीमाण्णानं हात पुढं केला की मागं सरकायचा. "नक्को, नक्को. अण्णाच्या हातात देतो मी. रंग अण्णाच्या जिभेत असतो." मी एकदा मुद्दाम आत लपून बसलो. हा पठ्ठ्या तीन तास ओट्यावर बसून राहिला, पानावर पान खात. शेवटी मलाच लघवीला जायचं म्हणून बाहेर यावं लागलं. मला बघून त्यानं लड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "आत झोपला होता काय?" असं वर विचारलं. वर्षभर प्रयत्न केला, त्यानं एक लडी भीमाण्णाच्या हातात दिली नाही.

तरी मी निघालो. पौष लागला होता, संक्रांतीच्या चंद्रकळांचं सूत रांजणात होतं, म्हणजे वर्षातला सगळ्यात अवघड काळ. पण म्हटलं, परीक्षा घ्यायची तर अशाच वेळी घ्यायची. लेकीकडं वेळापूरला पंधरा दिवस. काशी म्हणाली, "मी येत नाही. तुम्ही जा." मला वाटलं, घर सोडवत नसेल. जाताना मी भीमाण्णाला बजावलं, काही झालं तरी मला तार करायची नाही, माणूस पाठवायचा नाही. मी नाही असंच समजायचं.

होय. हे माझेच शब्द. मी नाही असंच समजायचं.

वेळापुरात मी काय केलं ते विचारू नका. मास्तर जावई देवळाचं कोरीवकाम दाखवायला घेऊन जायचा आणि मी मनात रांजण ढवळत असायचो. लेक म्हणाली, "अण्णा, तुमची बोटं गोरी झाली हो!" खरंच की. जन्मात पहिल्यांदा नखांतली नीळ गेली होती. बाराव्या दिवशी मला राहवेना. निघालो.

आणि मोहोळच्या फलाटावर हे!

गाडीत मी वेड्यासारखा बसलो होतो. सोलापूर स्टेशनात उतरलो, उपरणं सोडलं आणि ओळखीचा टांगेवाला दिसला. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि हातातला चाबूक टाकला. "या अल्ला! अण्णा, तुमे तो मर गए बोलके सुन्या मैं!"

"मी मेलो नाही."

"नई नई, पूरा गाँव बोल रहा है," तो म्हणाला, जणू गाव खोटं कसं बोलेल. टांग्यात बसवलं खरं, पण वाटेत तीनदा मागं वळून माझ्या पायांकडं बघितलं. पाय सरळ आहेत का उलटे, ते बघत असणार!

गल्लीच्या तोंडाशी एक बाई घागर घेऊन येत होती. मला बघून घागर तिथंच टेकवून ती उलटी पळाली. वाटलं, दुकानाला कुलूप असेल, रांजण सडल्याचा वास येत असेल. लिंगप्पाच्या गल्लीत आला होता तसा.

दुकान सताड उघडं होतं. आत दोघं लड्या पिळत होते, एक वाळत घालत होता, भीमाण्णा दुसऱ्या रांजणावर वाकला होता. कुणाच्या तोंडावर सुतक नव्हतं. एक जण चक्क गात होता! मी दारात उभा. अर्धा मिनिट, एक मिनिट. कुणाचं लक्षच नाही. मी मेलो आहे आणि माझ्या दुकानात गाणं चाललंय. काय सांगू तुम्हाला, मरणाची बातमी ऐकून नाही बसला एवढा धक्का मला ते गाणं ऐकून बसला.

मग मी खाकरलो. गाणं तुटलं. भीमाण्णानं वर बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "यप्पा!" म्हणून तो एवढा मोठा माणूस धावत आला आणि माझ्या पायांवर पडला.

"मालक, वाचला!"

"कोण, मी?"

"तिसरा रांजण, मालक!"

त्याला उठवून बसवला, पाणी पाजलं, तेव्हा उलगडा झाला. मी गेल्यावर पाचव्या दिवशी थंडी कडक पडली. तिसऱ्या रांजणाचा फेस बसला. त्यात राजय्याचं संक्रांतीचं सगळं सूत होतं. भीमाण्णानं चाखलं, मुळमुळीत लागलं, चुना टाकला. वास यायला लागला म्हणून आणखी टाकला. नियम म्हणून चार तासांनी ढवळत राहिला. गारठलेल्या रांजणाला ढवळणं म्हणजे तापकऱ्याला गार पाण्यानं आंघोळ घालणं. मी असतो तर जिभेनं ओळखून हात काढून घेतला असता. नियमाला जीभ कुठली! सातव्या दिवशी रांजण मरायला टेकला आणि भीमाण्णा डोक्याला हात लावून बसला. मला कळवायचं नाही, हे मीच बजावलेलं.

तेव्हा त्यांनी आमच्या धंद्यातला जुना तोडगा काढला. बाहेरच्या लोकांना हसू येईल, पण निळाऱ्यांत हा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. रांजण बिघडला की गावात एक जबरदस्त थाप उठवायची. जेवढी मोठी थाप, जेवढ्या लोकांनी ती खरी मानली, तेवढा रांजण लवकर उठतो. माझ्या बापानं एकदा तळ्यात मगर आल्याची उठवली होती, आणि रांजण उठला होता. मी शिकलेला म्हणून हे सगळं हसण्यावारी नेत आलो. माझ्या मते जुन्यांची अक्कल एवढीच, की माणसं थाप मारण्यात गुंतली म्हणजे रांजणाला हात लावत नाहीत आणि त्याला विसावा मिळतो. पण भीमाण्णाला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

"पयल्यांदा मगरच सांगितली मालक. लोक तळ्यावर जाऊन बघून आले आनि शिव्या दिल्या. मग सांगितलं, गिरणीच्या चिमणीवर दोन तोंडाचा नाग बसलाय. कुनी मान बी वर केली न्हाय. लोक लई शानं झालेत."

"मग मला मारलंत? होय रे? मला मारून टाकलंत?"

"ते लगीच मानलं गावानं," भीमाण्णा खाली मान घालून म्हणाला. "अण्णा दुकान सोडून भाईर गेले, ह्येच कुनाला खरं वाटत नव्हतं. मेले म्हनल्यावर पटलं."

बावीस वर्षं मी काय करून ठेवलं होतं ते त्या एका वाक्यात आलं.

दोन दिवस दुकान बंद राहिलं, रांजणावर गोणपाटं आणि घोंगड्या पडल्या, हात कुणी लावला नाही. राजय्या आला. ओट्यावर बसून मोठ्यानं रडला. मग डोळे पुसले, खांद्यावरच्या नव्या लड्या काढल्या आणि स्वतः होऊन भीमाण्णाच्या हातात दिल्या. "आता तूच," म्हणाला. वर्षभर मी आत लपून, आढ्याकडं बघून जे जमवू शकलो नाही, ते मी मेल्यावर एका दुपारी झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी फेस वर आला. म्हणून ते गाणं.

मी विचारलं, "ही थाप काढली कुणी? तुझ्या डोक्यातली नव्हे ही."

भीमाण्णा नखानं जमीन उकरायला लागला.

"बोल की लेका!"

"वैनीनी," तो म्हणाला.

मागच्या दारानं घरात गेलो. काशी चुलीपुढं बसून जोंधळे निवडत होती. तिनं वर बघितलं. कपाळ पांढरं होतं. हातात बांगड्या नव्हत्या. सत्तावीस वर्षं जे कपाळ मी कुंकवाशिवाय बघितलं नव्हतं, ते आज उघडं होतं. मी उंबऱ्यातच बसलो. त्या दिवसात मला धक्क्यांवर धक्के बसले, पण हा शेवटचा मला आजही बसतो.

"आलात?" ती म्हणाली. "एक दिवस आधी आलात. अजून उद्याचा दिवस हवा होता रांजणाला."

मग माझा बांध फुटला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सौभाग्यवती बाईनं असलं सोंग करावं? नवरा जिवंत असताना हातानं पुसावं? गाव काय म्हणेल, लेकीला कळलं तर काय म्हणेल, देव काय म्हणेल! तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपातले खडे काढायची थांबली नाही.

"शेजारणीला एकटीला सांगितलं," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं. गिरणीच्या संध्याकाळच्या भोंग्याआधी गावभर झालं. तार आली असं सांगितलं, जावई न्यायला येणार आहे म्हटलं. पण नुसतं सांगून कोण मानतंय? येणाऱ्या बायका आधी कपाळ बघतात."

"म्हणून पुसलंस?"

"तुम्ही वेळापूरला जायच्या आधीपासून मला एकच दिसत होतं. लिंगप्पाची बायको, दारात कांड्या भरताना. तो रांजण मेला असता तर राजय्या गेला असता, राजय्या गेला की सगळे गेले. मग उद्या तुम्ही खरोखर गेलात तर मी कुठं बसू? पुसलेलं कुंकू परत लावता येतं. मेलेला रांजण मला कुणी उठवून देणार होतं का?"

"आणि ढवळू नका हे कुणी सांगितलं भीमाण्णाला?"

"मी. चाखून बघितलं."

"तू?"

"बावीस वर्षं त्या टाकळ्याचा काढा कुणी केला? गूळ कुणी मोजून दिला? तुम्ही चाखून आलात की तुमच्या तोंडावरून मला कळायचं आज काय कमी आहे. भीमाण्णा बघायचा तसं मीही बघत होते की. मला तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभं केलं नाहीत एवढंच."

आठ माणसांना शिकवलं, गिऱ्हाइकाला शिकवायचा खटाटोप केला, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला काय येतं हे एकदाही विचारलं नव्हतं. आतापर्यंत तिचा आवाज अगदी खणखणीत होता. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"काल मी मोहोळपर्यंत आले होते," ती म्हणाली.

"कशाला?"

"रेल्वेनं. पदर पुढं ओढून. भीमाण्णालाही सांगितलं नाही. दोन दिवस बायका येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या. पहिल्या दिवशी मी रडायचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी रडू थांबेना. राजय्या रडला तेव्हा तर मला वाटलं, याला माझ्याआधी कळलं की काय? म्हणून तुम्हाला बघायला निघाले. मोहोळला वेळापूरकडची मोटार उभी होती. पाय उचलेना."

"का पण?"

"तिथं गेले आणि खरंच असलं तर? सोलापुरात निदान मला ठाऊक होतं की ते खोटं आहे." तिनं तोंडाला पदर लावला. "म्हणून परत आले. आणि काल दुपारपासून तुमची वाट बघत जोंधळे निवडतेय. तेच तेच निवडतेय."

मी उठलो. देव्हाऱ्यातला करंडा आणला. आयुष्यात कधी तिला कुंकू लावलं नव्हतं, ती काय पुरुषाची कामं? वाकडंतिकडं लागलं. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून, बराच वेळ.

गावानं आम्हाला माफ करायला वेळ लावला. राजय्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही. "मी खरा रडला ना!" एवढंच एकदा रागानं म्हणाला. पण सूत त्यानं भीमाण्णाच्या हातातच दिलं आणि आजतागायत तिथंच देतो. बायकांनी काशीला तर वर्षभर हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिनं तेही सोसलं. सकाळी रांजण आता भीमाण्णा चाखतो आणि शंका आली की आत जाऊन वैनींना विचारतो. मला विचारत नाही. डब्यातल्या रंगानं निम्मं गिऱ्हाईक नेलं, पण उरलेलं दुकान माझ्यावाचून चालतं, संपादकांनी लिहायला सांगितलं तसं अगदी.

जावई दरवर्षी बोलावतो. लेक रुसते. अण्णा, आता तुम्हाला काय काम आहे तिकडं, या की चार दिवस, असं पत्र येतं. गेलो तर सकाळी जातो आणि शेवटच्या गाडीनं परत येतो. गाडीला उशीर झाला तर काशी गल्लीच्या तोंडाशी उभी असते, आणि मी दिसलो की काही न बोलता घरात जाते. मुक्काम मी त्यानंतर कुठंच केलेला नाही. लोक हसतात, म्हणतात, अण्णांना अजून दुकान सोडवत नाही. मी म्हणतो, होय, नाही सोडवत.